फुलांऐवजी निधी : पॉल हॅरिस यांचे जीवनकार्य

सेवाकार्यास दोन गोष्टी लागतात; राबणारे हात आणि त्या हातांना पुरेल इतका पैसा. हात उत्साहाने पुढे येतात, परंतु पैशाअभावी हाती घेतलेले कार्य अर्ध्यावर राहते. उलट पैसा असूनही राबणारी माणसे नसली, तर तो पैसा व्यर्थ जातो. गावोगावच्या सेवाभावी क्लबांचे हात आणि देशोदेशींच्या दात्यांचा पैसा यांची सांगड घालणारी एक मोठी व्यवस्था विसाव्या शतकात उभी राहिली. ज्यांच्या कार्यातून त्या क्लबांचा जन्म झाला व ज्यांच्या स्मृतीतून त्या निधीस खरे बळ मिळाले, ते म्हणजे रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस. रोटरीच्या अनेक सभासदांच्या कोटावर त्यांच्या नावाची छोटीशी पिन दिसते. त्या पिनेमागील जीवनकथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

बालपण व भटकंती

पॉल हॅरिस यांचा जन्म १९ एप्रिल १८६८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील रॅसीन या गावी झाला. वडिलांचा व्यापार बुडाला आणि घरसंसार चालविणे अशक्य झाले. त्यामुळे वयाच्या तिसऱ्या वर्षी पॉल यांना व्हरमाँट राज्यातील वॉलिंगफर्ड येथे आजी-आजोबांच्या घरी यावे लागले. डोंगरांच्या कुशीतील त्या लहानशा गावात त्यांचे बालपण गेले. आजोबांची काटकसर, आजीची माया आणि शेजारधर्म जाणणारे गाव यांचे संस्कार त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले.

बालवयात पॉल अत्यंत खोडकर होते. व्हरमाँट विद्यापीठातून त्यांना काढून टाकण्यात आले. पुढे प्रिन्स्टन येथील शिक्षणही आजोबांच्या निधनानंतर सुटले. अखेर १८९१ मध्ये आयोवा विद्यापीठातून त्यांनी कायद्याची पदवी संपादन केली. वकिलीस बसण्यापूर्वी पाच वर्षे जग पाहावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. त्या काळात त्यांनी वार्ताहर, शिक्षक, नाटकातील नट, हॉटेलातील कारकून व संगमरवराचा विक्रेता अशी नाना कामे केली. गुरे वाहून नेणाऱ्या जहाजावरही ते राबले. हरतऱ्हेच्या माणसांत मिसळण्याची जी विद्या त्यांना लाभली, ती या पाच वर्षांची देणगी होय.

मैत्रीपासून सेवेकडे

१८९६ मध्ये हॅरिस शिकागो येथे वकिली करू लागले. व्यवसाय चालू लागला, परंतु त्या अफाट नगरीत त्यांना जिवाभावाचे कोणी नव्हते. गावाकडील जिव्हाळा शहरात कसा आणावा, हा विचार त्यांच्या मनात वर्षानुवर्षे घोळत राहिला. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी तीन परिचितांना एकत्र आणले. एक कोळशाचे व्यापारी, एक शिंपी व एक खाण अभियंता. प्रत्येक व्यवसायातील एकच सभासद आणि आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत बैठक, असे ठरले. या आळीपाळीवरूनच रोटरी हे नाव आले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. प्रारंभी या क्लबाचा हेतू परस्परांशी मैत्री व परस्परांच्या धंद्याची वाढ एवढाच होता. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या वकिलास सभासदत्वाचे निमंत्रण मिळाले, तेव्हा ज्या क्लबापासून क्लबाबाहेरील कोणाचेही भले होत नाही, त्यास भवितव्य नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अन्य कोणी असता तर हा आक्षेप अपमान मानला असता. हॅरिस यांनी तो मान्य केला. शहराच्या हिताचे कार्य करणे हा उद्देश नियमांत समाविष्ट झाला आणि कार्टर क्लबात आले. आपली चूक दाखविणाऱ्यालाच सोबत घेण्याचा हा मोठेपणा पुढील सर्व कार्याचा पाया ठरला.

१९०७ मध्ये पहिला प्रकल्प हाती घेण्यात आला, तो सार्वजनिक स्वच्छतागृहांचा. शिकागोत कामासाठी येणाऱ्या स्त्रीपुरुषांना दारूच्या गुत्त्यावाचून वा मोठ्या दुकानावाचून सोय नव्हती. मद्यउत्पादकांनी व दुकानदारांनी या योजनेस विरोध केला. क्लबाने शहरातील अन्य संस्थांना जोडून घेतले, नगरपालिकेकडे पाठपुरावा केला आणि सुमारे दोन वर्षांनी स्वच्छतागृह उभे राहिले. काम कोणास कमीपणाचे वाटावे असे होते, परंतु त्यातून एक धडा मिळाला. गरज ओळखणे व पाठपुरावा करणे क्लबाच्या हाती आहे, मात्र बांधकामास लागणारा पैसा कोठून तरी उभा करावाच लागतो.

साडेसव्वीस डॉलरचा प्रारंभ

१९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे दुसरा क्लब निघाला. १९१० मध्ये सोळा क्लबांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला. हॅरिस त्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि दोन वर्षांनी त्यांनी पद सोडले. प्रकृती साथ देत नव्हती. शिवाय संस्था एका माणसाभोवती फिरू नये, याचे त्यांना भान होते. पुढील पस्तीस वर्षे ते सन्माननीय माजी अध्यक्ष म्हणून राहिले. प्रवास करणे, लेखन करणे, गावोगावी मैत्रीची झाडे लावणे, हेच त्यांचे कार्य झाले. १९१० मध्येच त्यांचा विवाह स्कॉटलंडच्या जीन थॉमसन यांच्याशी झाला. या दांपत्यास अपत्य नव्हते.

सेवेसाठी कायम निधी असावा, ही कल्पना हॅरिस यांची नव्हे. तिचे श्रेय क्लीव्हलँडचे आर्च क्लम्फ यांच्याकडे जाते. लाकडाच्या वखारीत पोऱ्या म्हणून लागून पुढे त्याच व्यवसायाचे मालक झालेले हे गृहस्थ. १९१७ मध्ये अटलांटा येथील अधिवेशनात, अध्यक्ष या नात्याने, जगात सत्कार्य करण्यासाठी कायम निधी उभारावा असा विचार त्यांनी मांडला. आपल्या समाजात ज्याला ध्रुवफंड म्हणतात, तीच ही कल्पना. मूळ रक्कम अबाधित राहावी आणि तिच्या उत्पन्नातून कार्य चालावे.

विचार सर्वांना आवडला. खिशात हात मात्र फारच थोड्यांनी घातला. १९१८ मध्ये कॅन्सस सिटीच्या क्लबाकडून पहिली देणगी आली, ती अवघी साडेसव्वीस डॉलरची. पुढे कित्येक वर्षे निधी रांगतच राहिला. १९२८ मध्ये त्यास रोटरी फाउंडेशन हे नाव मिळाले आणि पाच विश्वस्तांची नेमणूक झाली. १९३० मध्ये पहिले अनुदान देण्यात आले. अपंग बालकांसाठी कार्य करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेस पाचशे डॉलर मिळाले. त्यानंतर महामंदी आली. १९३७ मध्ये वीस लाख डॉलर जमविण्याचा संकल्प सोडण्यात आला, परंतु महायुद्धाने तोही बारगळला. तीस वर्षांपूर्वीचे ते रोपटे सुकणार की काय, अशी अवस्था झाली.

मृत्यूने फुललेले रोपटे

२७ जानेवारी १९४७ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस यांचे निधन झाले. आपल्या मृत्यूनंतर फुले व पुष्पचक्रे वाहण्याऐवजी ती रक्कम फाउंडेशनला द्यावी, अशी इच्छा त्यांनी आधीच व्यक्त केली होती. जगभरच्या क्लबांनी ती शिरोधार्य मानली. जो निधी तीस वर्षे याचना करूनही भरला नाही, त्यात दीड वर्षात दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. त्याच वर्षी अठरा विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. आर्च क्लम्फ १९५१ पर्यंत हयात होते. आपली कल्पना सफल झालेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. ज्याने संस्था काढली आणि ज्याने निधी सुचविला, ती दोन माणसे भिन्न. परंतु एकाच्या अखेरच्या इच्छेने दुसऱ्याचे स्वप्न पूर्ण झाले.

१९५७ पासून हजार डॉलर देणाऱ्यास, किंवा ज्याच्या नावे ते दिले जातात त्यास, पॉल हॅरिस फेलो हा सन्मान मिळू लागला. १९६५ मध्ये जोड अनुदानाची पद्धत आली. क्लबांनी जमविलेल्या रकमेस फाउंडेशनने भर घालावी, ही तिची रीत. १९७९ मध्ये फिलिपीन्समधील सुमारे साठ लाख बालकांना पोलिओची लस देण्यासाठी पाच वर्षांचे अनुदान मंजूर झाले. त्या यशातून १९८५ मध्ये जगभरची पोलिओविरोधी मोहीम सुरू झाली. आपल्या देशात सरकारी यंत्रणेच्या खांद्याला खांदा लावून क्लबांचे सभासद लसीकरणाच्या बूथवर उभे राहिले. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा येथे आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त घोषित झाला.

२०१३ मध्ये अनुदानाची रीत नव्याने आखण्यात आली. वार्षिक देणग्या तीन वर्षे गुंतविल्या जातात. त्यानंतर त्यांतील जवळपास निम्मा भाग ज्या विभागातून आला त्याच विभागाच्या निर्णयासाठी परत येतो आणि उरलेला जागतिक कार्यासाठी राहतो. लहान स्थानिक कामांना जिल्हा अनुदान मिळते. मोठ्या प्रकल्पांना जागतिक अनुदान मिळते. त्यासाठी किमान तीस हजार डॉलरचा आराखडा आणि दोन देशांतील क्लबांची भागीदारी लागते. गावाची खरी गरज आधी तपासावी, क्लबाच्या सभासदांनी स्वतः कामात उतरावे, प्रकल्प पुढे गावाने चालविता यावा आणि पै-पैचा हिशेब द्यावा, या अटी आहेत. मागील अनुदानाचा अहवाल न देणाऱ्यास पुढील अनुदान मिळत नाही.

पॉल हॅरिस यांच्या जीवनातून प्रत्येक सेवाभावी संस्थेस घेण्यासारखे आहे. त्यांनी स्वतः मोठी संपत्ती मागे ठेवली नाही, निधीची कल्पनाही त्यांची नव्हती. त्यांनी टीका ऐकली, पद वेळेवर सोडले आणि अखेरच्या सन्मानाचे मोलही कार्यास अर्पण केले. हार-पुष्पगुच्छ दुसऱ्या दिवशी कोमेजतात. त्याच रकमेतून कोणाचे शिक्षण, कोणाचे औषध, कोणाच्या गावचे पाणी उभे राहू शकते. साडेसव्वीस डॉलरच्या देणगीस त्या वेळी कोणी हसलेही असेल. परंतु ती जपली गेली, तिचा हिशेब राहिला, म्हणूनच तिच्यावर पुढील पिढ्यांना भर घालता आली.