विश्लेषण : ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार नाहीत, हे केप्लरला कसे उमगले?

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या पहिल्याच धड्यात केप्लरचे तीन नियम भेटतात. पाठ करायला दहा मिनिटे पुरतात; शोधायला मात्र जवळपास १८ वर्षे लागली. या काळात केप्लरला गाव सोडावे लागले, घरात मृत्यू झाले आणि आईवर चेटकीण असल्याचा आरोप झाला. तरीही ग्रहांच्या गणितातली एक लहानशी चूक त्याने सोडून दिली नाही. त्याच चुकीतून हे नियम सापडले.

केप्लर कोण होता?

योहान्स केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी आजच्या जर्मनीतील वाइल देर श्टाट या गावात झाला. वडील भाडोत्री सैनिक होते आणि एकदा घर सोडून गेले ते परतलेच नाहीत. लहानपणी देवी आल्याने केप्लरची नजर कायमची अधू झाली. त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते. पण ट्युबिंगेन विद्यापीठात मिखाएल मेस्टलिन या शिक्षकाकडून त्याला कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धांत समजला आणि तो त्याच्या मनात रुजला. १५९४ मध्ये तो ऑस्ट्रियातील ग्रात्झ येथे गणिताचा शिक्षक झाला. पुढे तिथून प्रोटेस्टंटांची हकालपट्टी सुरू झाली आणि १६०० मध्ये त्याला कुटुंबासह शहर सोडावे लागले.

टायको ब्राहेची नोंदवही का महत्त्वाची?

आसरा मिळाला तो प्रागमध्ये, टायको ब्राहेकडे. दुर्बिणीचा शोध लागण्याआधीच्या त्या काळात टायकोने मोठाली कोनमापक उपकरणे वापरून वर्षानुवर्षे ग्रहांची स्थाने नोंदवली होती. त्याच्या नोंदी साधारण एक-दोन कलांपर्यंत अचूक असत. एक कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. टायकोकडे आकडे होते, केप्लरकडे गणित. टायकोने त्याला मंगळाचे काम दिले. ऑक्टोबर १६०१ मध्ये टायको वारला आणि सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या दरबारी गणितज्ञाचे पद केप्लरकडे आले.

८ कलांचा फरक किती मोठा?

आकाशातील हालचाल वर्तुळाकारच असणार, ही समजूत सुमारे दोन हजार वर्षे जुनी होती. कोपर्निकसनेही वर्तुळे सोडली नव्हती. केप्लरने वर्तुळ धरूनच मंगळाची कक्षा मांडली. पण काही ठिकाणी त्याचे उत्तर टायकोच्या नोंदींपेक्षा ८ कलांनी चुकत होते. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी साधारण ३० कला असते. म्हणजे ही चूक त्याच्या पाव भागाएवढी. दुसऱ्या कुणाची निरीक्षणे असती तर दोष निरीक्षकावर ढकलता आला असता. टायको इतका चुकणार नाही, हे केप्लरला ठाऊक होते. त्याने आपले गणित बाजूला ठेवले आणि नव्याने सुरुवात केली. काही दिवसांत सुटेल असे वाटलेले कोडे अनेक वर्षे चालले. अखेर १६०९ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात पहिले दोन नियम प्रसिद्ध झाले.

तीन नियम काय सांगतात?

पहिला : ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते आणि सूर्य तिच्या केंद्रात नव्हे, तर एका नाभीपाशी असतो. म्हणूनच पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किमी, तर जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी किमी अंतरावर असते.

दुसरा : ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते. सोप्या भाषेत, ग्रह सूर्याजवळ वेगाने पळतो आणि दूर गेला की मंदावतो. पृथ्वीचा वेग जानेवारीत सेकंदाला सुमारे ३०.३ किमी, तर जुलैत २९.३ किमी असतो. केप्लरला हा नियम पहिल्या नियमाच्या आधी सापडला होता.

तिसरा : परिभ्रमणकाळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या समप्रमाणात असतो. गुरू पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे. ५.२ चा घन सुमारे १४०.६ आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ११.८६. गुरूला एका फेरीस तेवढीच वर्षे लागतात!

तिसरा नियम कोणत्या परिस्थितीत सापडला?

१६११ मध्ये एक मुलगा आणि पाठोपाठ पत्नी बार्बरा गेली. केप्लर पुढे लिंत्स शहरात आला. १६१५ पासून आई काथारिनावर चेटूक केल्याचे आरोप होऊ लागले. १५ मे १६१८ रोजी त्याच्या मनात तिसऱ्या नियमाची खात्री पटली. अवघ्या आठ दिवसांनी प्रागमधील उठावाने तीस वर्षांच्या युद्धाला तोंड फुटले. १६२० मध्ये आईला अटक झाली. केप्लर तिच्या बचावासाठी तिकडे गेला आणि एकेक आरोप खोडत राहिला. १४ महिन्यांच्या कैदेनंतर ती सुटली. पण काही महिन्यांतच वारली.

नियम खरे ठरले का?

टायकोच्या नोंदींवर आधारलेली ग्रहांची कोष्टके केप्लरने १६२७ मध्ये उल्म येथे छापून घेतली. त्यांच्या आधारे ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकेल, असे भाकीत त्याने केले होते. त्या दिवशी पॅरिसमध्ये पिएर गासेंदीने ते अधिक्रमण पाहिले. केप्लर मात्र वर्षभर आधीच, १५ नोव्हेंबर १६३० रोजी रेगेन्सबुर्ग येथे वारला होता. युद्धात त्याची कबरही नष्ट झाली.

ग्रह असे का फिरतात, याचे उत्तर त्याला मिळाले नव्हते. ते न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या नियमातून दिले.

आज त्यांचा उपयोग काय?

भारताचे मंगळयान डिसेंबर २०१३ मध्ये पृथ्वीची कक्षा सोडून सूर्याभोवतीच्या एका लंबवर्तुळाकार मार्गाने निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळापाशी पोहोचले. निघण्याची वेळ आणि मार्ग ठरवण्याचे गणित याच नियमांच्या पायावर उभे असते. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाचा परिभ्रमणकाळ मोजला, की तिसऱ्या नियमाच्या आधारे त्याचे अंतर काढता येते. केप्लरचेच नाव दिलेल्या ‘नासा’च्या दुर्बिणीने असे २,६०० हून अधिक ग्रह शोधले.