बियाण्यांचा परीक्षक : डॉ. बेंजामिन पिअरी पाल

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. यंदा आम्ही ज्यांचे चरित्र सादर करीत आहोत ते डॉ. पाल आपल्या ज्ञातीचे नव्हेत, महाराष्ट्राचेही नव्हेत. परक्याला ही पाने कशासाठी द्यावयाची, असा प्रश्न एकदोन वडीलधाऱ्या ज्ञातिबांधवांनी स्नेहपूर्वक विचारला. त्यांना आम्ही इतकेच निवेदन केले की, आपल्यापैकी बहुतेकांची घरे आजही एका पायाने शेतात उभी आहेत, आणि त्या शेतात जे बी पडते ते खरे की खोटे, हे आधी पारखून घेण्याची देशव्यापी व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांत डॉ. पाल यांचे नाव अग्रभागी येते. आमच्या लहानपणी घरात एकदा मोठ्या विश्वासाने आणलेले बियाणे निम्मेही उगवले नाही. मृगाचा पाऊस वाया गेला, दुबार पेरणीसाठी घरातले सोने गहाण पडले, आणि त्या वर्षी घरातील एक लग्न पुढे ढकलावे लागले. अशी आठवण नसलेले घर आपल्यात क्वचितच सापडेल.

बेंजामिन पिअरी पाल यांचा जन्म २६ मे १९०६ रोजी पंजाबातील मुकंदपूर या गावी झाला. वडील वैद्यकीय अधिकारी म्हणून ब्रह्मदेशात गेले आणि मुलाचे सारे बालपण तिकडेच गेले. मेम्यो या थंड हवेच्या गावातील शाळेत असतानाच त्यांना गुलाबाचा आणि चित्रकलेचा छंद जडला. हे दोन्ही छंद त्यांनी अखेरपर्यंत जोपासले. १९२९ साली रंगून विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात ते एम.एस्‌सी. झाले व शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेले. गव्हाची तांबेऱ्याला तोंड देण्याची शक्ती वंशपरंपरेने मेंडेलच्या नियमांनुसार पुढे जाते, हे दाखवून देणारे सर रोलंड बिफेन तेथेच होते. त्यांचे शिष्य फ्रँक एंगलडो यांच्या हाताखाली पाल यांनी गव्हातील संकरजोमाचा अभ्यास केला. १९३३ साली परतल्यावर काही महिने ब्रह्मदेशात भातसंशोधनाचे काम करून त्याच वर्षी ते बिहारातील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत रुजू झाले. पुढच्याच जानेवारीत बिहारचा भीषण भूकंप झाला. संस्थेची इमारत मोडकळीस आली आणि १९३६ साली संस्था दिल्लीला हलविण्यात आली. तिच्याबरोबर पाल दिल्लीला आले ते कायमचेच.

त्या काळी गव्हाचा मोठा वैरी म्हणजे तांबेरा. काळा, नारिंगी आणि पिवळा असे त्याचे तीन प्रकार. आग्र्याचे प्राध्यापक के. सी. मेहता यांनी शोधून काढले होते की, उन्हाळ्यात मैदानातून नाहीसा झालेला हा रोग थंड डोंगराळ भागात जिवंत राहतो आणि वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरतो. आपल्याकडे तो निलगिरी-पळणीच्या डोंगरांतून येतो. वाऱ्याला प्रांताची सीमा ठाऊक नसते, मग तांबेऱ्याशी झुंजणारा वाण एकाच प्रांतात बसून कसा तयार व्हावा? १९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतातील गव्हाची धूळधाण केली, तेव्हा हा प्रश्न कागदावरचा राहिला नाही. पाल आणि त्यांचे सहकारी त्याआधी दहा-बारा वर्षांपासून संकराच्या कामास लागले होते. १९५४ साली एन.पी. ८०९ हा वाण बाहेर आला. तिन्ही तांबेऱ्यांना शेतात तोंड देणारा हा आपल्या देशातील पहिला वाण होय.

येथे थोडे स्पष्टच लिहिले पाहिजे. या वाणाने देशाची गव्हाची कोठारे भरली नाहीत. तो उंच वाढणारा होता. भरपूर खतपाणी दिले की उंच गहू लोळतो आणि आलेले पीकही हातचे जाते. तथापि याच कामात डॉ. पाल यांना उमगले की, वाण तयार करणे हे निम्मेच काम होय. तो कोठे टिकतो आणि कोठे मोडतो, हे त्याच्या जन्मदात्याखेरीज इतरांनी पाहिल्यावाचून उरलेले निम्मे काम पुरे होत नाही.

तोपर्यंतची रीत अगदी निराळी होती. प्रत्येक प्रांताचे शेतकी खाते आपल्या वनस्पतितज्ज्ञाने निवडलेला वाण आपल्याच मळ्यावर पेरून पाही आणि आपल्याच शेतकऱ्यांना देई. ते काम टाकाऊ होते, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या मळ्यावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी त्याच रीतीतून आली आणि तिची भाकरी आपण अजून खातो. पण मोहोळचा वाण परभणीला कसा वागेल, लुधियानाचा गहू निफाडला चालेल की नाही, हे एकाच वर्षी, एकाच पद्धतीने पेरून ताडून पाहण्याची सोय कोठेच नव्हती. बापाने मुलाची परीक्षा घ्यावी आणि बापानेच गुण द्यावेत, असा हा प्रकार होता!

१९५० साली डॉ. पाल दिल्लीच्या भारतीय कृषिसंशोधन संस्थेचे संचालक झाले आणि पंधरा वर्षे त्या पदावर राहिले. त्यांच्याच कारकीर्दीत, रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने, १९५७ साली मक्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. हवामानानुसार देशाचे विभाग पाडण्यात आले. केंद्राचे, राज्यांचे आणि पुढे कृषिविद्यापीठांचे संशोधक एकाच कार्यक्रमात बांधले गेले, आणि पैदासकार, रोगशास्त्रज्ञ, कीटकशास्त्रज्ञ व मशागतीचे जाणकार एकाच पिकापाशी बसले. चारच वर्षांत, १९६१ साली, गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकरित मके प्रसारित झाले.

या चाचणीची रीत समजून घेण्यासारखी आहे. नव्या वाणांचे बी एका ठिकाणी गोळा करून सर्व केंद्रांना वाटतात. प्रत्येक केंद्रावर ते लहान लहान वाफ्यांत पेरतात. कोणता वाण कोणत्या वाफ्यात पडावा हे चिठ्ठीने ठरवितात, म्हणजे चांगली जमीन आपल्या लाडक्याला देण्याची सोयच उरत नाही. एकेक वाण अनेकदा पेरतात आणि त्यांतच शेतकऱ्यांत रूढ असलेला जुना चांगला वाण तुलनेसाठी घालतात. नव्याने त्याला मागे टाकले तरच पुढची पायरी. रोगशास्त्रज्ञ मुद्दाम रोग लावून पाहतो. गव्हाच्या बाबतीत आता हे सारे निदान तीन हंगाम चालते, आणि वाणांना सांकेतिक क्रमांक दिलेले असल्याने कोणाचा वाण कोणता, हे पेरणाऱ्याला कळत नाही. कूळ, गाव, नाव काहीएक न विचारता केवळ वाफ्यातले वजन आणि पानावरचा डाग पाहिला जातो. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे लिहिताना आमचे आम्हालाच किंचित हसू आले.

वर्षातून एकदा सर्व केंद्रांचे संशोधक एकत्र जमतात आणि प्रत्येकाची आकडेवारी सर्वांसमोर वाचली जाते. आठ-दहा वर्षे ज्या वाणासाठी घाम गाळला तो तीन केंद्रांवर आडवा पडला, हे भरसभेत ऐकणे सोपे नसते.

१९६५ साली भारतीय कृषिसंशोधन परिषदेची पुनर्रचना झाली. तोवर तिच्या शिरोभागी प्रशासकीय अधिकारी असे. आता प्रथमच एक शास्त्रज्ञ महासंचालक झाला आणि ते डॉ. पाल होते. मक्याचा कित्ता मग पिकापिकाला गिरविण्यात आला. त्याच वर्षी गव्हाचा आणि हैदराबाद हे केंद्र धरून भाताचा समन्वित प्रकल्प उभा राहिला. राष्ट्रीय बीज निगम १९६३ मध्ये निघाले होतेच. १९६६ साली बियाण्यांचा कायदा झाला आणि वाण अधिसूचित करणे व पिशवीवरील चिठ्ठीची जबाबदारी विक्रेत्यावर टाकणे यांना कायद्याचा आधार मिळाला.

मेक्सिकोतील बुटके गहू नॉर्मन बोरलॉग यांच्याकडून १९६३ साली आले, ते नेमके अशा वेळी. त्यासाठी धडपड डॉ. स्वामिनाथन यांची, संचालक डॉ. पाल, आणि पुढे पाठबळ अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांचे. निरनिराळ्या ठिकाणी पेरून पाहिल्यावर लेर्मा रोहो आणि सोनोरा हे वाण प्रसारित झाले, व १९६६ साली १८,००० टन बियाणे बोटीने आणण्याचे धाडस सरकारला करता आले. त्या गव्हाचा दाणा लाल, आपल्या लोकांना पोळी हवी पिवळसर गव्हाची. म्हणून आलेल्या वंशांतून पुन्हा निवड झाली. त्यांतील एक वंश लुधियानाला कल्याण आणि दिल्लीला सोना या नावांनी निवडला गेला होता. दोन्ही नावे जोडून त्याला कल्याणसोना म्हटले गेले. देशाचे गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सुमारे सव्वा कोटी टन होते, ते १९६७-६८ मध्ये साडेसोळा कोटी क्विंटलांवर, म्हणजे सुमारे १ कोटी ६५ लाख टनांवर गेले.

आपल्या महाराष्ट्रात ही व्यवस्था आली ती ज्वारीच्या रूपाने. १९६४ साली प्रसारित झालेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीच्या नावातील पहिल्या अक्षराचा अर्थच समन्वित असा आहे. खेडोपाडी तिला नुसते हायब्रीड म्हणत. तिने कणगी भरली खरी, पण लवकर पक्व होणाऱ्या या ज्वारीचे कणीस परतीच्या पावसात सापडून काळे पडे आणि भाकरीला मालदांडीची चव नसे. आमच्या घरी विकायला हायब्रीड आणि खायला मालदांडी असा सरळ हिशेब होता. बाजरीच्या बाबतीत तर मोठाच धडा मिळाला. १९६५ चा एचबी-१ हा संकर आणि त्याची भावंडे एकाच मादी वंशावर उभी होती. सर्वत्र तीच पेरली गेल्यावर १९७१ च्या सुमारास गोसावी रोगाने त्या साऱ्यांना एकदमच गाठले. हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु हेही खरे की, रोग कोठे, कोणत्या वाणावर आणि किती पडला हे सांगणारी केंद्रे देशभर होती, म्हणूनच पुढील वाणांची मादी बदलता आली.

जानेवारी १९७२ मध्ये डॉ. पाल निवृत्त झाले. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १९८७ साली भारत सरकारने पद्मविभूषणाने गौरविले. १९४१ साली स्थापन झालेल्या अनुवंशशास्त्र व वनस्पतिपैदास संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी पंचवीस वर्षे केले होते. नव्या लेखकाचा निबंध छापण्याजोगा होईतो त्यावर परिश्रम घेण्याचे काम बाहेर कोणाला दिसत नाही. पर्यावरणविषयक राष्ट्रीय समितीचेही ते अध्यक्ष होते.

ते अविवाहित राहिले. दिल्लीत त्यांनी गुलाबाचे आणि बोगनवेलीचे कितीतरी नवे वाण तयार केले. त्यांतील एका गुलाबाला डॉ. होमी भाभा यांचे नाव आहे. भारतातील गुलाबांवर त्यांनी ग्रंथही लिहिला. १४ सप्टेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. आपली मालमत्ता त्यांनी, भूकंपानंतर जिच्याबरोबर ते तरुणपणी दिल्लीला आले होते, त्याच संस्थेला देऊन ठेवली होती.