मनोरुग्णांची कैवारी : डोरोथिया डिक्स

अमेरिकेत सुमारे दोनशे वर्षांपूर्वी मनाच्या आजाराला फारसे कोणी आजार मानत नसे. अशा रोग्याला लोक वेडा म्हणत. त्याला तुरुंगात, तळघरात किंवा गोठ्यातही डांबून ठेवत. कित्येकांना साखळदंडाने बांधत. ही स्थिती बदलण्यासाठी एका शिक्षिकेने आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव डोरोथिया डिक्स.

डोरोथिया यांचा जन्म 4 एप्रिल 1802 रोजी अमेरिकेतील हॅम्पडेन या गावी झाला. वडील व्यसनी होते व आई नेहमी आजारी असे. बाराव्या वर्षी त्या बोस्टन शहरात आजीकडे राहायला गेल्या. चौदाव्या वर्षी त्यांनी लहान मुलांसाठी शाळा सुरू केली. पुढे त्यांनी मुलांसाठी पुस्तकेही लिहिली.

मार्च 1841 मध्ये एका रविवारी त्या ईस्ट केंब्रिज येथील तुरुंगात स्त्री कैद्यांना शिकवायला गेल्या. तेथे त्यांना काही मनोरुग्ण स्त्रिया दिसल्या. त्यांचा काहीही गुन्हा नव्हता. बाहेर कडाक्याची थंडी होती, पण त्यांच्या कोठडीत शेगडी नव्हती. डोरोथियांनी कारण विचारले. वेड्यांना थंडी वाजत नाही, असे उत्तर मिळाले. ते ऐकून त्यांचे मन कळवळले. त्यांनी हे प्रकरण न्यायालयात नेले आणि त्या कोठडीला ऊब मिळवून दिली.

पण एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मॅसॅच्युसेट्स राज्यातील तुरुंग आणि गरिबांची आश्रयगृहे त्यांनी गावोगाव फिरून पाहिली. जे पाहिले ते वहीत टिपून ठेवले. 1843 साली त्यांनी ही सारी माहिती विधिमंडळापुढे ठेवली. त्या काळी तेथे स्त्रियांना मताचा हक्कही नव्हता. तरी त्यांचे म्हणणे ऐकले गेले आणि वूस्टर येथील मनोरुग्णालय वाढवण्यात आले. 1848 मध्ये ट्रेंटन येथे नवे रुग्णालय सुरू झाले. स्वच्छ खोली, मोकळी हवा, हलके काम आणि गोड वागणूक यांनी रोग्याला आराम पडतो, असे त्या सांगत. त्यांच्या प्रयत्नांनी तीसहून अधिक रुग्णालये उभी राहिली किंवा वाढली.

त्यांना अपयशही आले. मनोरुग्णांसाठी सरकारी जमीन देण्याचा कायदा संसदेने मंजूर केला, पण 1854 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी तो नाकारला. खचून न जाता त्या युरोपात गेल्या. तेथेही त्यांनी अनेक रुग्णालये पाहिली. 1856 मध्ये त्या इस्तंबूलला पोहोचल्या. तेथे सुलतान सुलेमान यांच्या नावाच्या जुन्या रुग्णालयात मनोरुग्णांची चांगली काळजी घेतली जात होती. रोममधील रोग्यांपेक्षा येथील रोगी सुखी आहेत, असे त्यांना आढळले.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेव्हा उत्तरेकडील सैन्याच्या परिचारिकांची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. उतारवयात त्या ट्रेंटनच्याच रुग्णालयात राहिल्या. तेथेच 17 जुलै 1887 रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या विदर्भात नागपूर येथे मनोरुग्णालय आहे. भारतात 2017 च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. पण रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला चिडवणारी, दगड मारणारी मुले आजही दिसतात. त्यालाही थंडी वाजते, भूक लागते आणि अपमान झाला की दुःख होते. डोरोथियांनी जगाला हेच दाखवून दिले.