लोकमान्यांची कर्मजिज्ञासा

इ. स. १८७२ साली गंगाधरपंत टिळक शेवटच्या दुखण्याने अंथरुणास खिळले, तेव्हा त्यांना गीतेवरील ‘भाषाविवृति’ नावाची प्राकृत टीका वाचून दाखविण्याचे काम त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाकडे आले. आई पार्वतीबाई सहा वर्षांपूर्वीच निवर्तल्या होत्या. आता वडीलही चालले होते, आणि उशाशी बसून हा मुलगा कुरुक्षेत्रावरील संवाद वाचीत होता. गीतेचा भावार्थ त्या वयात पुरता उमगणे शक्य नव्हते. परंतु कोवळ्या मनावर उठलेला ठसा पुसला जात नाही. गीतेची जी गोडी त्या दिवसांत लागली ती अखेरपर्यंत टिकली. हाच मुलगा पुढे लोकमान्य बाळ गंगाधर टिळक या नावाने सर्व भरतखंडास ज्ञात झाला.

जन्म रत्नागिरीस, २३ जुलै १८५६ रोजी. नाव पणजोबांचे, केशव. परंतु घरात सर्वजण बाळ म्हणत आणि तेच नाव राहिले. गंगाधरपंत पेशाने शिक्षक. संस्कृत व गणित या दोन्ही विषयांत त्यांची गती चांगली होती आणि त्या दोन्हींचे संस्कार त्यांनी मुलावर घरीच केले. बाळाने बाणभट्टाची ‘कादंबरी’ वाचावयास मागितली असता वडिलांनी गणिताचे एक अवघड उदाहरण पुढे टाकले आणि ते सोडविल्यास पोथी मिळेल असे सांगितले. मुलाने ते सोडविले व पोथी मिळविली, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, या मुलाचा स्वभाव तीत बरोबर उतरला आहे. काव्य हवे आणि गणितही हवे. एकासाठी दुसरे टाकावे असे त्यास कधीच वाटले नाही. पुढे सारी अडचण उत्पन्न झाली ती येथूनच.

वडील गेले त्याच वर्षी बाळ मॅट्रिक झाला. मागे काका गोविंदरावांचा आधार व वडिलांनी राखलेली थोडी शिल्लक एवढेच होते. बालपणीच विवाह झालेला असल्याने संसाराचा भारही होता. अशा मुलाने चटकन पदवी घ्यावी व सरकारी चाकरीस लागावे असे कोणासही वाटले असते. परंतु डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्याने पहिले वर्ष तालमीत, पोहण्यात व नदीवर होडी वल्हविण्यात घालविले. प्रकृती फार नाजूक होती. पुढे जे करावयाचे ते या देहाने निभणार नाही हे ओळखून त्याने आधी देह कमाविला. वर्ष वाया गेले. आजच्या गृहस्थास हे वाचून धडकी भरेल आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे ज्या शरीराने काढली, त्याची उभारणी या ‘वाया’ गेलेल्या वर्षातच झाली होती.

त्या वेळी कॉलेजात केरो लक्ष्मण छत्रे गणित शिकवीत. केरूनाना हे ज्योतिषशास्त्राचे मोठे जाणकार. पंचांगातील गणित आणि आकाशातील ग्रह यांचा मेळ बसत नाही हे दाखवून त्यांनी पंचांगशोधनास हात घातला होता. अशा गुरूजवळ टिळकांचे गणित फुलले आणि पहिल्या वर्गात बी.ए.ची पदवी मिळाली. सर्वांस वाटले की हे गणिताचे प्राध्यापक होणार. त्यांनी एम.ए.स गणितच घेतले. परंतु तो अभ्यासक्रम पुरा न करता ते कायद्याकडे वळले व १८७९ साली एल्‌एल्.बी. झाले. कायद्याचा अभ्यास करतानाही त्यांचे मन केवळ इंग्रजी निवाड्यांत रमले नाही. मनु, याज्ञवल्क्य, मिताक्षरा हे हिंदू धर्मशास्त्राचे मूळ ग्रंथ त्यांनी संस्कृतातून वाचले.

तेविसाव्या वर्षी टिळकांपुढे किती वाटा होत्या याची गणती करून पाहावी. गणित होते, संस्कृत होते, ज्योतिष होते, कायदा होता. पदवीधर तेव्हा बोटांवर मोजण्याइतके. सरकारी हुद्द्याची वाट मोकळी होती आणि वकिलीत तर पैशास तोटा नव्हता. ज्याला एकच विद्या येते त्यास निवडीचे दुःख नसते. ज्याला चार येतात आणि चारही आवडतात, त्याला एकीच्या दारी उभे राहताच उरलेल्या तिघी मागून हाका मारतात.

टिळकांनी हा गुंता आवडीच्या बळावर सोडविला नाही. आवडीचा कौल घेतला असता तर तो गणिताच्या बाजूने पडला असता यात संशय नाही. कॉलेजातील त्यांचे सहाध्यायी गोपाळ गणेश आगरकर यांच्याशी त्यांच्या रात्र रात्र चर्चा चालत. देश दरिद्री व परतंत्र झाला आहे, त्यास शिक्षणावाचून गती नाही, आणि ते शिक्षण सरकारची चाकरी न पत्करता आपल्याच माणसांनी द्यावयास हवे, हा त्या चर्चांचा निष्कर्ष होता. स्वतःला काय प्रिय आहे हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला आणि या घटकेस कोणते काम आपल्या वाट्याचे आहे हा पुढे घेतला. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन पुण्यास आले होतेच. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि एल्‌एल्.बी. झालेले टिळक शाळामास्तर झाले. वकिलीची सनद घेऊन श्रीमंत होण्याच्या ऐवजी मुलांना शिकवीत बसणारा हा तरुण आप्तेष्टांस कसा वाटला असेल, हे वाचकांनीच मनात आणावे.

यात चमत्कार असा की सोडलेली विद्या सुटलीच नाही. शाळेत ते गणित व संस्कृत शिकवीत. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. त्यांना कायद्याचे ज्ञान हवेच होते. कोल्हापूरच्या प्रकरणात १८८२ साली टिळक व आगरकर दोघांनी डोंगरीचा तुरुंगही पाहिला. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. आता मार्ग ठरला, जन्म याच कामात जाणार, असे टिळकांस वाटत होते.

परंतु तसे झाले नाही. संस्थेच्या आजीव सदस्यांनी बाहेरची प्राप्ती करावी की नाही, त्यागाचे बंधन किती कडक असावे, यावरून मतभेद वाढले. आगरकरांशी सामाजिक प्रश्नांवर आधीच बिनसले होते. १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. ज्या संस्थेस आयुष्य वाहिले ती चौतिसाव्या वर्षी सोडावी लागली आणि त्या लांबलचक राजीनाम्यात ही व्यथा लपून राहिलेली नाही. दोष कोणाचा यावर चरित्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. टिळकांचा स्वभाव ताठर होता हेही खरेच. पण कर्तव्य म्हणून निवडलेली वाटसुद्धा मध्येच तुटू शकते, एवढे येथे मान्य केले पाहिजे. चरितार्थासाठी त्यांनी कायद्याचा वर्ग काढला, लातूरच्या सरकी काढण्याच्या कारखान्यात भाग घेतला, आणि पत्रांचा भार कर्जासह शिरावर घेतला. बाजूस ठेवलेल्या कायद्याने अडीच्या वेळी घर चालविले.

जी गोष्ट कायद्याची, तीच ज्योतिषाची. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी महिन्यांमध्ये आपण मार्गशीर्ष आहो असे सांगितले आहे. हजारो लोकांनी ते वाचले आणि पुढे गेले. टिळक तेथे थांबले. मार्गशीर्षासच हा मान का? तो कधी काळी वर्षारंभाचा महिना होता काय? संस्कृत जाणणाऱ्यास हा प्रश्न पडू शकेल, गणित जाणणाऱ्यास उत्तराचे साधन सापडेल. दोन्ही जाणणारा विरळा. संपातबिंदूच्या गतीवरून वेदांचा काळ काढणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ साली प्रसिद्ध झाला तो अशा एका वाक्यावर अडल्यामुळे. त्यांची सर्व अनुमाने पुढील संशोधकांनी स्वीकारली असे नाही. तरीही केरूनानांनी शिकविलेले गणित व गंगाधरपंतांनी शिकविलेले संस्कृत यांची गाठ तेथे पडली.

१९०८ साली राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांस ब्रह्मदेशात मंडाले येथे ठेविले. वय बावन्न, मधुमेहाचा विकार, भोवती लाकडी फळ्यांची कोठडी. शाई मिळत नसे. मोजलेल्या पृष्ठांच्या बांधीव वह्या व पेन्सिल एवढेच साधन. तेथे त्यांनी पाली, फ्रेंच व जर्मन यांचा अभ्यास केला, आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन एवढ्या अवधीत, ‘गीतारहस्य’ लिहून काढले. पित्याच्या उशाशी वाचलेल्या गीतेविषयी त्यांस पुढे एक शंका सतत छळीत आली होती. स्वधर्म टाकून भिक्षा मागावयास निघालेल्या अर्जुनाला युद्धास उभे करण्यासाठी जी गीता सांगितली, तिच्यात केवळ ज्ञानाने अथवा भक्तीने मोक्ष कसा मिळवावा एवढेच असेल काय? ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणास त्यांनी ‘कर्मजिज्ञासा’ असे नाव दिले. दोन धर्म समोर उभे ठाकले असता थोरांचीही बुद्धी कशी गोंधळते, हे दाखविताना त्यांनी महाभारताबरोबर शेक्सपिअरच्या नाटकांतील हॅम्लेटचेही उदाहरण घेतले आहे. हे प्रकरण वाचताना डेक्कन कॉलेजातील तो तेविशीचा तरुण वारंवार डोळ्यांपुढे येतो. कारण तो गोंधळ लेखकाने पुस्तकात वाचण्यापूर्वी भोगला होता.

१९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाईंच्या निधनाची वार्ता त्यांस त्या कोठडीतच कळली. १९१४ च्या जूनमध्ये सुटका झाली आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. माधवराव सप्रे यांनी तो हिंदीत आणि आलूर वेंकटराव यांनी कन्नडात नेला, आणि महाराष्ट्राबाहेरच्या घरांतही तो वाचला जाऊ लागला.

गणिताची ओढ मात्र गेली नव्हती. स्वराज्य मिळाल्यावर कोणते मंत्रिपद घ्याल, असे कोणी विचारले असता, आपण पुन्हा गणिताचे अध्यापक होऊ, अशा आशयाचे उत्तर ते देत, असे त्यांच्या सहवासातील मंडळी सांगत. शेवटच्या वर्षांत सभा, खटले, विलायतेचा प्रवास व होमरूलची चळवळ यांत उसंत अशी मिळाली नाही. त्यातूनही पंचांगशोधनाच्या चर्चेसाठी ते वेळ काढीत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले. गणिताचा वर्ग पुन्हा घ्यावयाचा राहूनच गेला.