डव्ह नदीच्या कांठीं : आयझॅक वॉल्टन याचें चरित्र

हातांत गळ घेऊन नदीच्या कांठीं तासचे तास बसणारा मनुष्य दिसला म्हणजे लोक त्यास आळशी ठरवून मोकळे होतात. तथापि आपल्या प्रभूनें आपले पहिले शिष्य गालील समुद्रावरील कोळ्यांमधून निवडले, हें आपण शुभवर्तमानांत वाचतों. इंग्लंडांतील एका साध्या कापड-व्यापाऱ्यानें हीच गोष्ट अभिमानानें सांगून गळानें मासे धरण्याच्या कलेवर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यास साडेतीनशेंहून अधिक वर्षें झालीं; तरी तें अजून छापलें जातें व आवडीनें वाचलें जातें. तें वाचणाऱ्यास वाटतें कीं, हा लेखक जन्मभर सुखांतच वाढला असला पाहिजे. वस्तुस्थिति अगदीं निराळी होती, आणि म्हणूनच त्याचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याजोगें आहे.

आयझॅक वॉल्टन याचा जन्म १५९३ सालीं स्टॅफर्ड या गांवीं झाला. तो अगदीं लहान असतांच त्याचा बाप वारला. विद्यापीठाचें शिक्षण त्याच्या वांट्यास आलें नाहीं. तो लंडन शहरीं आपल्या मेहुण्याकडे उमेदवारीस राहिला, व पुढें फ्लीट स्ट्रीट या भागांत त्यानें स्वतःचें दुकान थाटलें. १६२४ सालीं तेथील सेंट डन्स्टन मंदिराचा उपाध्याय म्हणून जॉन डन हा प्रख्यात कवि व उपदेशक आला. दुकानदार वॉल्टन त्याच्या मंडळींतील एक सभासद. पण पाहतां पाहतां तो या विद्वान पुरुषाचा स्नेही बनला. डन १६३१ सालीं वारला. त्याचें चरित्र ईटन विद्यालयाचे प्रमुख सर हेन्री वॉटन यांनीं लिहावें, व त्यासाठीं माहिती वॉल्टननें गोळा करावी, असें ठरलें होतें. वॉटन यांनाहि गळाचा मोठा नाद असे, व दोघे मिळून मासे धरावयास जात. परंतु १६३९ सालीं वॉटन मरण पावले, आणि माहिती जमविणाऱ्या दुकानदारासच लेखणी हातीं घ्यावी लागली. १६४० सालीं तें चरित्र प्रसिद्ध झालें. पुढें वॉटन, रिचर्ड हूकर, जॉर्ज हर्बर्ट व बिशप सँडरसन यांचींहि चरित्रें त्यानें लिहिलीं. इंग्रजी चरित्रलेखनांत त्यांस आजहि मानाचें स्थान आहे.

बाहेर असा नांवलौकिक होत असतां घरांत मात्र एकामागून एक दिवे मालवत होते. १६२६ सालीं त्याचा विवाह रेचल फ्लड हिच्याशीं झाला. त्यांना सात मुलें झालीं. त्यांतील एकहि वाढून मोठें झालें नाहीं. ज्या वर्षीं डनचें चरित्र बाहेर पडलें त्याच वर्षीं रेचलहि निवर्तली. दोन वर्षांनीं देशांत यादवी युद्ध पेटलें. वॉल्टन हा राजपक्षाचा व बिशपांच्या मंडळीचा एकनिष्ठ अनुयायी होता. १६४५ सालीं आर्चबिशप लॉड याचा शिरच्छेद झाला, आणि ज्या प्रार्थनापुस्तकांतून वॉल्टन लहानपणापासून प्रार्थना करीत आला होता, त्याच्या वापरास बंदी झाली. १६४९ सालीं खुद्द राजाचाहि शिरच्छेद करण्यांत आला. १६५१ सालीं वुस्टरच्या लढाईंत तरुण राजा दुसरा चार्लस पराभूत होऊन पळाला. त्याचें एक रत्नजडित पदक शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून लपविण्यांत आलें होतें. तें लंडनच्या किल्ल्यांत कैदेंत असलेल्या कर्नल ब्लेग याच्याकडे पोंचविण्याचें जोखमीचें काम वॉल्टननें केलें. त्यावेळीं त्याचें वय अठ्ठावन्न वर्षांचें होतें.

मध्यंतरीं, १६४७ च्या सुमारास, त्यानें ॲन केन हिच्याशीं दुसरा विवाह केला होता. जो पुढें बिशप झाला व ज्याचीं सकाळसंध्याकाळचीं उपासनागीतें जगभर गाइलीं जातात, तो टॉमस केन हा तिचा सावत्र भाऊ. या विवाहापासून झालेलीं एक मुलगी व एक मुलगा मात्र वांचलीं.

अशा काळांत, १६५३ सालीं, वॉल्टनचें 'दि कम्प्लीट अँग्लर' हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत युद्धाची हकीकत नाहीं, शत्रूंची निंदा नाहीं, स्वतःच्या दुःखाचें रडगाणेंहि नाहीं. पहांटेच्या दंवांतून चालणारे दोन सोबती, गळाचें आमिष, पाऊस आला म्हणजे झुडपांच्या कुंपणाखालीं घेतलेला आसरा, दूध काढणाऱ्या मुलीचें गाणें, आणि संध्याकाळीं खाणावळींत भाजलेला मासा, असा सारा प्रकार. दुसऱ्या आवृत्तींत, म्हणजे १६५५ सालीं, त्यानें मासे धरणाऱ्याबरोबर एक शिकारी व एक ससाणे पाळणारा यांस आणलें. त्यांतील शिकारी हळूहळू मासे धरणाऱ्याचा शिष्य बनतो. पुस्तकाच्या अखेरीस, मनुष्यानें शांतपणें राहण्याचा अभ्यास करावा, हा पौलानें थेस्सलनीकाच्या मंडळीस केलेला बोध वाचकापुढें ठेविला आहे. ज्याच्या घरांतून इतक्या लहान शवपेट्या बाहेर गेल्या, त्यानें हा बोध सहज म्हणून लिहिला नसावा. शांति ही कांहींना जन्मतः मिळते. वॉल्टनला ती धडा गिरवावा तशी गिरवावी लागली.

या पुस्तकांत एक उणीव होती, व ती वॉल्टनइतकी कोणालाच ठाऊक नव्हती. गांडूळ, बेडूक असें जिवंत आमिष लावून मासे धरण्यांत तो निष्णात होता. परंतु कृत्रिम माशीनें ट्राउट मासा धरण्याची कला त्याला तितकीशी अवगत नव्हती. त्या भागापुरता त्यानें टॉमस बार्कर नांवाच्या आचाऱ्याच्या अनुभवाचा आधार घेतला, व तसें मोकळेपणानें सांगितलें.

ही कला काय आहे तें थोडक्यांत सांगतों. ट्राउट हा थंड, स्वच्छ व खळाळत्या पाण्यांत राहणारा मासा. तो प्रवाहाकडे तोंड करून स्थिर उभा असतो, व वरून वाहत येणारे किडे टिपतो. माणसाची सांवली पाण्यावर पडतांच तो बाणासारखा निसटतो. म्हणून गळाच्या आंकड्यावर रेशीम, पिसें व जनावरांचे केस गुंडाळून हुबेहुब माशीसारखी आकृति करतात, व ती दुरून पाण्यावर अलगद सोडतात. त्या काळची काठी पंधरा ते अठरा फूट लांब असे. दोर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, टोंकाकडे बारीक होत जाणारा.

या कलेंत वॉल्टनहून श्रेष्ठ असा एक पुरुष होता. त्याचें नांव चार्लस कॉटन. हा १६३० सालीं जन्मला, म्हणजे वॉल्टनहून सदतीस वर्षांनीं लहान. त्याचा वाडा डव्ह नदीच्या कांठीं होता. ही नदी बक्सटन गांवाजवळच्या उंच माळावर उगम पावते, डर्बीशायर व स्टॅफर्डशायर यांच्या सीमेवरून चुनखडीच्या कड्यांमधून वाहते व ट्रेंट नदीस मिळते. कॉटन हा उधळ्या, नेहमीं कर्जांत बुडालेला, व सोंवळ्या माणसांस न रुचणारीं थट्टेचीं काव्यें लिहिणारा. वॉल्टन देवभीरु व काटकसरी. तरी या दोघांचा स्नेह पितापुत्रांसारखा होता. १६७४ सालीं कॉटननें नदीच्या एका वळणावर लहानसें दगडी घर बांधलें, व दारावर आपल्या व वॉल्टनच्या नांवांचीं आद्याक्षरें एकमेकांत गुंफून कोरविलीं. तें घर अद्यापि उभें आहे.

१६७६ सालीं वॉल्टनच्या पुस्तकाची पांचवी आवृत्ति निघावयाची होती. कीर्ति मिळालेल्या लेखकास आपल्या ग्रंथांत दुसऱ्यास जागा देणें किती जड जातें, हें सांगावयास नको. वॉल्टननें मात्र माशीच्या कलेवरील भाग कॉटननें लिहावा असें सुचविलें. कॉटननें अगदीं थोड्या दिवसांत तो लिहून काढला. त्यांत वॉल्टनचा शिष्य डोंगर उतरून डव्हच्या खोऱ्यांत येतो, उतार पाहून भितो, व कॉटनच्या घरीं पाहुणा राहून ती कला शिकतो. कोणत्या महिन्यांत कोणती माशी पाण्यावर येते, तिच्यासाठीं अस्वलाचे, उंटाचे अथवा डुकराचे कोणते केस घ्यावे, मोराचें पीस कोठें लावावें, हें सारें बारकाईनें दिलें आहे. दोर बारीक ठेवावा व आपण दूर रहावें, हा त्याचा मुख्य नियम. आजहि स्वच्छ पाण्यांत ट्राउट धरणारे हाच नियम पाळतात.

हस्तलिखित पोंचल्यावर वॉल्टननें लंडनहून उत्तर पाठविलें. आपण शंभराहून अधिक मैल दूर आहों व आपलें वय त्र्याऐंशीच्या घरांत आहे, तरी या दोन्ही गोष्टी विसरून पुढील महिन्यांत आपण भेटीस निघूं, अशा अर्थाचें तें पत्र आहे. गुरु म्हणून नांवाजलेला वृद्ध, आपणाहून लहान मित्रास आपल्या पुस्तकाचा उत्तरार्ध देऊन, त्याच्याकडे यात्रेकरूप्रमाणें निघण्याची भाषा करतो!

१६६२ सालीं दुसरी पत्नीहि वारली होती. त्यानंतरचा बराच काळ त्यानें बिशप मॉर्ली यांच्या आश्रयानें, व शेवटचे दिवस आपल्या जांवयाच्या घरीं विंचेस्टर येथें काढले. तेथेंच १५ डिसेंबर १६८३ रोजीं त्याचें देहावसान झालें, व तेथील कॅथीड्रलमध्यें त्यास पुरण्यांत आलें. त्या हिंवाळ्यांत थेम्स नदीसुद्धां गोठली होती. त्याच वर्षीं लिहिलेल्या मृत्युपत्रांत त्यानें आपली एक शेतवाडी जन्मगांवच्या गरिबांच्या उपयोगासाठीं नेमून ठेविली होती. तिच्या उत्पन्नांतून दरवर्षीं दोन मुलांना धंद्याच्या उमेदवारीस लावावें, एका गरीब मुलीच्या लग्नास मदत करावी, आणि उरलेल्या पैशांचा कोळसा घेऊन गरिबांस वांटावा, अशी व्यवस्था होती. कोळसा केव्हां द्यावा हेंहि त्यानें लिहिलें : जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यांत, कारण गरिबास तोच काळ सर्वांत कठीण जातो.

विद्यार्थी मित्रहो, नदीकांठीं आळसांत वेळ घालविणाऱ्यास शेजारच्या झोंपडींतील चूल कोणत्या आठवड्यांत विझते हें कळत नसतें. शांत बसून पाहण्याची संवय ज्यास लागली, त्यालाच तें दिसतें. वॉल्टनवर आलेलीं दुःखें आपणांपैकीं कोणावरहि न येवोत. परंतु आलींच तर त्यांनीं आपलें मन कडू न होतां त्याच्यासारखें निवळ व्हावें, व आपणांस जें येत नाहीं तें लहानाकडूनहि घेण्याची नम्रता आपणांस लाभावी, एवढेंच मागणें.