नगरमध्ये शिकवायला शिकलेल्या सावित्रीबाई

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. पण सावित्रीबाई अध्यापनाचे धडे घ्यायला नगरला आल्या होत्या, हे आपल्यातील अनेकांना ठाऊक नसते.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाल्यावर त्यांचे शिक्षण घरीच सुरू झाले. त्या काळी नगरमध्ये अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरार मुलींच्या शाळा चालवत. मित्र सदाशिव गोवंडे यांच्यासोबत जोतीरावांनी त्या पाहिल्या आणि पुण्यात अशी शाळा काढायचे ठरवले. मुलींना शिकवायला शिक्षिका हवी होती. सावित्रीबाईंनी नगरला फॅरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंकडे प्रशिक्षण घेतले.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू झाली. शाळेत जाताना अंगावर शेण-चिखल पडला, तरी त्या थांबल्या नाहीत. पुढे फुले दांपत्याने अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या. दिवसभर राबणाऱ्यांसाठी १८५५ मध्ये रात्रशाळा सुरू केली. विद्यार्थ्याला वेळ नाही, म्हणून शाळेने आपली वेळ बदलली. याच वर्षी त्यांच्या शाळेतील मातंग विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच सुरू झाले होते. मुक्ता धडे पाठ करून थांबली नाही, तिने व्यवस्थेला जाब विचारला.

१० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचे निधन झाले. त्यांचा विचार मात्र पुढे गेला. फुल्यांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले.

आज उच्च शिक्षणात नव्या अध्यापनपद्धतींची चर्चा आहे. वर्गात प्रोजेक्टर आला, पण जुन्याच नोट्स वाचून दाखवल्या जात असतील, तर घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आपल्या मुलामुलींना काय मिळणार? येत्या ३ जानेवारीला प्रतिमेला हार घालताना आपण आपल्या महाविद्यालयाला विचारू या: काम करून शिकणाऱ्यांसाठी वर्ग केव्हा भरतात? मागे पडलेल्याला कोण शिकवते? प्राध्यापक नवे काय शिकले? शिकवण्याआधी स्वतः शिकायला सावित्रीबाई नगरपर्यंत आल्या होत्या.

जय जोती! जय भीम!