चेहरा आहे, नाव नाही : चित्रकार धुरंधर आणि आपण

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे नाव भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यांत फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांची चित्रे मात्र कुठे ना कुठे डोळ्यांखालून गेलेली असतात. शिवचरित्रातले प्रसंग, जुन्या मुंबईचे रस्ते, लग्नाचा मांडव, नऊवारीतल्या बायका, डोक्यावर पाटी घेतलेली कोळीण. माणूस जसा दिसतो तसा कागदावर उतरवायचा, ही कला महाराष्ट्रात ज्यांनी घरोघरी पोहोचवली त्यांत धुरंधरांचे नाव आघाडीवर आहे. आज त्यांचे चरित्र आम्ही सांगतो आहोत ते केवळ एका मोठ्या कलावंताची आठवण म्हणून नव्हे. त्यांच्या चित्रांत आपल्या आज्या-पणज्यांसारख्या कष्टकरी बायका आहेत. त्यांच्याकडे आपण कसे पाहायचे, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात झाला. घराणे पाठारे प्रभू, म्हणजे मुंबईत फार आधी शिकलेल्या आणि नोकरीपेशात गेलेल्या समाजातले. शालेय शिक्षण कोल्हापुरातच झाले. चित्रकलेचे सुरुवातीचे मार्गदर्शन त्यांना आबालाल रहिमान यांच्याकडून मिळाले. पुढे शाहू महाराजांनी आश्रय दिलेले थोर चित्रकार ते हेच. एका मुसलमान कलावंताने एका प्रभू मुलाच्या हातात कला दिली, हे कोल्हापूरच्या मातीला शोभणारेच आहे.

१८९० च्या जानेवारीत धुरंधर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १८५७ साली सुरू झालेल्या या शाळेचे प्राचार्य तेव्हा जॉन ग्रिफिथ्स होते. हे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८७२ ते १८८५ या काळात याच ग्रिफिथ्स यांनी जे. जे. च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्यांतल्या बऱ्याच पुढे लंडनमध्ये आगीत गेल्या, तरी जे उरले त्यावरून त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांवरचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. धुरंधर शाळेत आले तेव्हा ते काम संपलेले होते, पण ज्या गुरूच्या हाताखाली ते शिकले त्याने बुद्धाच्या लेण्यांत वर्षानुवर्षे काम केलेले होते.

जे. जे. मधले शिक्षण मात्र युरोपीय पद्धतीचे होते. आधी पुतळे पाहून रेखाटन, मग छायाप्रकाश, शरीराची प्रमाणे, शेवटी तैलरंग. धुरंधरांनी हे सगळे आत्मसात केले. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांच्या लक्ष्मीवरच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. सोसायटीचे हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. लगेच १८९६ मध्ये त्याच शाळेत ते शिक्षक झाले.

याच सुमारास मुंबईत प्लेगची साथ आली. धुरंधरांच्या पहिल्या पत्नी बापूबाई त्या साथीत गेल्या. पुढे गंगूबाईंशी त्यांचे दुसरे लग्न झाले. घरातले वातावरण चित्रांचेच होते. त्यांची मुलगी अंबिका हिनेही जे. जे. मध्ये शिक्षण घेतले आणि १९३१ मध्ये पदविका मिळवली. मुलींनी चित्रकला शाळेत जाऊन शिकणे तेव्हा दुर्मीळ होते. बापाने तिला अडवले नाही, उलट घडवले.

धुरंधरांचा कामाचा झपाटा थक्क करणारा होता. रोज रेखाटन करायचे, रस्त्यात, बाजारात, रेल्वेत दिसलेला माणूस टिपून ठेवायचा. त्यातून हजारो चित्रे झाली. तैलचित्रे, जलरंग, पोस्टकार्डे, छापखान्यासाठी देवादिकांची चित्रे, जाहिराती, पुस्तकांतली चित्रे. औंधच्या पंतप्रतिनिधींसाठी त्यांनी शिवचरित्रातले प्रसंग रंगवले. दिल्लीत नवी राजधानी उभी राहत होती तेव्हा सचिवालयातल्या कायदा सदस्यांच्या दालनासाठी त्यांनी न्यायदानाची भित्तिचित्रे केली. १९१० मध्ये ते शाळेचे हेडमास्तर झाले, १९२७ मध्ये रावबहादूर ही पदवी मिळाली, १९३० मध्ये मुंबई इलाख्याचे ड्रॉइंग इन्स्पेक्टर झाले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. जे. जे. मधल्या या सगळ्या प्रवासावर त्यांनी मराठीत आत्मकथन लिहिले, 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. १ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. धुरंधरांच्या चित्रांची बरीचशी प्रसिद्धी इंग्रज अधिकाऱ्यांच्या पुस्तकांतून झाली. १९१२ मध्ये एस. एम. एडवर्ड्स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरचे पुस्तक आले, १९१४ मध्ये किंकेड यांचे दख्खनच्या व्रतकथांचे पुस्तक आले आणि १९२० मध्ये ऑटो रॉथफेल्ड यांचे भारतातल्या स्त्रियांवरचे पुस्तक. तिघेही आयसीएस अधिकारी. शेवटच्या पुस्तकात धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे आहेत. त्यांत उच्च जातींच्या, श्रीमंत घरांतल्या बायका आहेत, तशीच मुंबईची कोळीण आहे, भिल्ल मुलगी आहे, गोंड स्त्री आहे.

चित्रे सुंदर आहेत. लुगड्याची नेसण, कमरेवरचा हात, उभे राहण्याची ढब, सगळे नेमके. धुरंधरांनी कष्टकरी बाईची टिंगल केलेली नाही, तिला विद्रूप केलेले नाही. एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण चित्राखाली काय आहे? जात, जमात, प्रांत. नाव नाही. समोर उभी राहिलेली बाई कोण होती, कोणत्या गावची होती, किती मुलांची आई होती, याचा पत्ता नाही. शेठजीचे किंवा संस्थानिकाचे तैलचित्र काढले की त्याखाली नाव येते. कोळिणीचे काढले की ती 'कोळीण' होते.

समाजशास्त्र शिकताना आम्ही या प्रकाराला नमुना बनवणे म्हणायला शिकलो. त्या काळच्या सरकारला माणसांची जातवार नोंद हवी होती. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे चार खंड निघाले, त्यांतही फोटोंमधली माणसे अशीच जातीच्या नावाने ओळखली जातात. दोष एकट्या चित्रकाराचा नव्हता. पुस्तक लिहिणारा, छापणारा, विकत घेणारा, सगळ्यांनाच माणूस नको होता, नमुना हवा होता.

आता तेच १९२० साल दुसऱ्या बाजूने पाहा. त्याच मुंबईत ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. मार्चमध्ये कोल्हापूर संस्थानात, म्हणजे धुरंधरांच्याच जन्मगावच्या मुलखात, माणगावची परिषद झाली. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद भरली, शाहू महाराज अध्यक्ष होते. एका पुस्तकात जी माणसे मुकी उभी होती, तीच माणसे त्याच वर्षी व्यासपीठावर उभी राहून आपल्या नावाने बोलू लागली. चित्राने चेहरा दिला होता. नाव मात्र चळवळीने मिळवून दिले.

म्हणून धुरंधरांची चित्रे फेकून द्यायची का? मुळीच नाही. शंभर वर्षांपूर्वीची कष्टकरी स्त्री कशी चालत होती, काय नेसत होती, हे सांगणारा पुरावा आपल्याकडे फार थोडा आहे. आपल्या पूर्वजांचे फोटो नाहीत, तैलचित्रे तर नाहीतच. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले होते. असे प्रदर्शन पुन्हा भरले तर आपल्या मुलांना जरूर न्यावे. चित्र डोळे भरून पाहावे, आणि मग खालची ओळ वाचून विचारावे, हिचे नाव काय?

हा प्रश्न आमच्या आंबागडालाही लागू आहे. तुमसर तालुक्यातला हा किल्ला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात, इ. स. १७०० च्या सुमारास, त्याचा सरदार राजा खान पठाण याने बांधला. राजाचे नाव उरले, सरदाराचे उरले. डोंगरावर दगड चढवणाऱ्यांचे एकही नाव उरले नाही. आजही पावसाळ्यात बांधीत वाकून धानाची रोवणी करणाऱ्या बायकांचे फोटो पेपरात येतात, तेव्हा खाली लिहिलेले असते, 'रोवणीत मग्न महिला'. शंभर वर्षांत ओळ फारशी बदलली नाही.

बदल करता येतो, आणि त्यासाठी धुरंधरांचेच कौशल्य उपयोगी पडते. हात तयार झाल्याशिवाय आपला माणूस आपल्याला काढता येत नाही. राज्यात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा होतात, दहावीला त्यांचे वाढीव गुणही मिळतात. तरीही खेड्यांतल्या अनेक शाळांत चित्रकलेला स्वतंत्र शिक्षक नसतो आणि फॉर्म भरण्याची तारीख निघून गेल्यावर मुलांना कळते. पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी हा विषय बैठकीत काढलाच पाहिजे. चित्रकला ही रिकामपणाची गोष्ट आहे, ती आपल्या पोरांसाठी नाही, हा समज आपणच मोडायचा आहे.

आणि एक काम तर परवानगीशिवाय, पैशांशिवाय करता येते. सुट्टीच्या दिवशी विहारात मुलांना कागद-पेन्सिल द्या. त्यांना आजीला समोर बसवून तिचे चित्र काढू द्या. नाक वाकडे आले तरी चालेल. मात्र चित्राखाली तिचे पूर्ण नाव, गाव, वय आणि तिने आयुष्यभर केलेले काम मुलाच्या अक्षरात लिहिलेले असावे. ते चित्र विहाराच्या भिंतीवर लावा.